राणी नदी पार करते

विद्यापीठाच्या भाषा विभागात एकाच घरातल्या दोन जावा शिकवत होत्या. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना थोरल्या मॅडम आणि धाकट्या मॅडम म्हणत. सकाळी दोघी एकाच गाडीतून येत, संध्याकाळी एकाच गाडीतून परत जात, आणि बघणाऱ्याला वाटे, वा, काय गोडी आहे! गोडी होतीही. पण ती सगळी धाकटीच्या बाजूने. थोरलीच्या बाजूला, खोटं कशाला बोला, नुसता जळफळाट होता.

बरं, दुखणं आपण होऊन विकत घेतलेलं. धाकटी एके काळी थोरलीचीच विद्यार्थिनी, पहिल्या बाकावरची. थोरलीनेच तिला हेरली, घरी चहाला बोलावली आणि आपल्या धाकट्या दिराशी गाठ घालून दिली. ‘अगदी माझ्यासारखी आहे हो,’ असं तेव्हा चारचौघांत कौतुकाने सांगत फिरली. आपल्यासारखंच माणूस रोज डोळ्यांसमोर असलं की काय होतं, ते तिला लग्नाचे फोटो भिंतीवर लागेपर्यंत कळलं नव्हतं.

थोरली शिकवायची एकच काव्य. काही शतकांपूर्वीचं, कवीचं नाव कुणाला माहीत नाही. सगळे त्याला नुसतं ‘राणीचं काव्य’ म्हणत. राजा लढाईत पडतो, राजवाडा जळतो. थोरल्या राणीच्या हाती उरतं ते फक्त तिच्या सवतीचं तान्हं मूल. ते पाठीला बांधून ती पळते आणि वाटेत नदी आडवी येते. बास. त्या काव्यात नदीचा एक अख्खा सर्ग आहे आणि त्यात राणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाण्यातच असते. पाणी घोट्याशी येतं तेव्हा तिला माहेर आठवतं. कमरेशी येतं तेव्हा सासर. छातीशी येतं तेव्हा सवत आठवते आणि मग पुढची कितीतरी कडवी ती एकच विचार करते, हिचं पोर सोडू की धरू? थोरली हा सर्ग शिकवायला उभी राहिली की एके काळी वर्गात कुणी खोकतसुद्धा नसे.

हे एके काळचं. आता धाकटीचा जमाना होता. ती शिकवायची ‘पडद्याचा अभ्यास’, म्हणजे मालिका, जाहिराती आणि मोबाइलवरचे ते दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ. थोरली त्याला रिकामटेकड्यांचं शास्त्र म्हणायची. “सासूने सुनेकडे तीनदा वळून का पाहिलं, यावर पदव्या द्यायला लागलेत,” असं ती शिक्षकांच्या खोलीत मुद्दाम मोठ्याने बोलायची. धाकटी हसायची आणि म्हणायची, “ताई, तीनदा नाही, चारदा.” सगळे खो-खो हसायचे. त्या हसण्याने तर थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

विद्यापीठात एक पद्धत होती. सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक ऐच्छिक विषयाच्या शिक्षकाने एक ‘चवीचा तास’ घ्यायचा. मुलांनी या वर्गातून त्या वर्गात हिंडायचं, सगळं थोडं थोडं चाखायचं आणि मग विषय निवडायचा. त्या आठवड्यात व्हरांड्यात भाजीबाजाराइतका कालवा असे. थोरलीला ही पद्धत मुळीच मान्य नव्हती. ती वर्गात शिरायची, टेबलावर ते जाडजूड काव्य दाणकन ठेवायची आणि पहिलं वाक्य बोलायची, “हे वाचायची तुमची लायकी आहे का, ते आधी बघू.” मग वृत्त, मग काळ, मग पाठभेद. मुलं मागच्या दाराने एकेक करून सटकायची. समोरच्या वर्गातून धाकटीच्या तासाचं हसणं ऐकू यायचं आणि थोरली फळ्यावर इतक्या जोराने लिहायची की खडू मोडायचा.

त्या सत्रात तिच्याकडे चौघं उरली. त्यांतला एक झोपायला येत होता.

विभागप्रमुख हे भांडणाला घाबरणारे गृहस्थ. काही अप्रिय बोलायचं असलं की चष्मा काढून पुसत बसायचे. त्यांनी थोरलीला बोलावलं आणि चष्मा बराच वेळ पुसला.

“मॅडम, वरून आलंय. पुढच्या सत्रात पंधरा मुलं झाली नाहीत तर राणीच्या काव्याचा पेपर बंद.”

“एवढी शतकं टिकलं ते, आणि आता पंधरा पोरांवर अडलं?”

“मी तरी काय करू? हल्ली मुलं जाड पुस्तक बघितलं की पळतात.” त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि नेमकं नको ते बोलले. “तुम्ही धाकट्या मॅडमना का विचारत नाही? त्यांच्याकडे मुलं खिडकीत बसतात हो!”

झालं! नाकाला मिरच्या झोंबल्या. पेपर बंद व्हायचं दुःख मोठंच होतं, पण त्या खिडकीत बसणाऱ्या मुलांचं दुःख त्याच्याही वर जाऊन बसलं.

ती थेट धाकटीच्या वर्गासमोर जाऊन दाराच्या आडोशाला उभी राहिली. मोठ्या विदुषी बाई आणि दाराआडून बघतायत, पण मत्सराला कसली आलीय लाज? आत धाकटी टेबलावर बसली होती, पाय हलवत. पडद्यावर साबणाच्या जाहिरातीतली एक बाई थांबवून ठेवलेली. “ही हसतेय का?” धाकटीने विचारलं. “नाही? मग काय करतेय? शब्द शोधा. हसणं म्हणू नका, दुसरा शब्द.” आणि मुलं शोधत होती, भांडत होती, एकमेकांचे शब्द खोडून काढत होती. थोरलीला दिसलं की ही शिकवण्याची रीत तिची स्वतःची आहे. शब्द शोधा, दुसरा शब्द, असं तीच म्हणायची, पहिल्या बाकावरच्या त्या मुलीला. तिला वाटलं, चोरली! माझी रीत उचलली आणि साबणाला लावली. आणि मुलं तिच्याकडे कशी टक लावून बघत होती! आपल्याकडे असं कुणी शेवटचं कधी बघितलं, हे तिला आठवेना.

घरी तरी काय निराळं! थोरलीला एकच लेक, कॉलेजात जाणारी, दिवसभर काही ना काही कुरतडत असायची म्हणून तिला सगळे खारुताई म्हणत. ही खारुताई आईच्या खोलीत औषधालाही सापडायची नाही. काकूच्या पलंगावर लोळत, काकूच्या उशीवर बिस्किटांचा चुरा सांडत, काकूशी तासन्‌तास गप्पा.

“काय गं, एवढं काय ठेवलंय त्या खोलीत?” थोरलीने एकदा बटाटे सोलता सोलता विचारलं.

“काही नाही. काकूशी बोलायला बरं वाटतं.”

“आणि आईशी?”

खारुताईने बिस्कीट चावलं, विचार केला. “तुझ्याशी बोलताना परीक्षेला बसल्यासारखं वाटतं गं.”

थोरलीने उरलेले बटाटे सोलले. साल जरा जाडच निघाली.

पेपर वाचवायचाच होता, आणि त्याच फटक्यात धाकटीची खिडकीतली मुलंही खाली उतरवायची होती. सुट्टीत थोरली कामाला लागली. तिने अख्खं राणीचं काव्य चोवीस पानांत बसवलं. सोपी भाषा, ठळक अक्षरं, प्रत्येक सर्गाला एक ओळ, खाली संभाव्य प्रश्न आणि तयार उत्तरं. ‘राजा मारला जातो.’ ‘राजवाडा जळतो.’ नदीच्या सर्गापाशी तिचा हात अडला. तिने आधी अर्धं पान लिहिलं, खोडलं. मग चार ओळी लिहिल्या, त्याही खोडल्या. शेवटी स्वतःशीच म्हणाली, एवढं काय त्यात, परीक्षेपुरतं तर आहे, पेपर वाचला की पुढे शिकवू की नीट. आणि लिहिलं, ‘राणी नदी पार करते.’

पुढच्या सत्राच्या चवीच्या तासाला तिने जाड काव्य आणलंच नाही. हसत आत आली, तेही कुणी कधी पाहिलं नव्हतं. “घाबरू नका,” म्हणाली, “मूळ पुस्तक कुणी विकत घ्यायचं नाही. ही चोवीस पानं पाठ करा, याच्याबाहेरचा एकही प्रश्न येणार नाही. शब्द माझा.”

बातमी व्हरांड्यात वणव्यासारखी पसरली. दुपारपर्यंत मुलांना उभं राहायलाही जागा उरली नाही. खिडकीत बसली, हो, खिडकीत! समोरच्या वर्गात धाकटीचे बाक दिसू लागले, कारण त्यांवर बसायला कुणी नव्हतं. थोरलीने ते मान लांब करकरून पाहिलं आणि तिला इतका आनंद झाला की बस्स. असा आनंद तिला स्वतःच्या लग्नातही झाला नसेल.

संध्याकाळी गाडीत धाकटी म्हणाली, “अभिनंदन, ताई. पेपर वाचला.”

“वाचणारच होता.”

धाकटीच्या मांडीवर ती चोवीस पानं होती. ती उलटत उलटत एका ठिकाणी थांबली. “ताई, नदी एका ओळीत?”

“मग? मुलांना तेवढंच झेपतं.”

“तुम्ही मला ती अख्खा महिना शिकवली होती. एका कडव्यावर दोन दिवस थांबला होतात. मी घरी जाऊन रडले होते.”

“हे बघ,” थोरली फाडकन म्हणाली, “तुझी पोरं माझ्याकडे आली म्हणून तुला झोंबतंय. सरळ बोल ना, जळतेयस.”

धाकटीने पानं मिटून पर्समध्ये ठेवली आणि घरापर्यंत बाहेर बघत राहिली. थोरलीने त्या बाहेर बघण्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला आणि घरी जाऊन चवीने जेवली.

सत्राअखेर निकाल लागला. राणीच्या काव्यात झाडून सगळी पास, निम्म्यांना पैकीच्या पैकी. कुलगुरूंनी फोन करून कौतुक केलं. नदीवरचा प्रश्न होताच, एक गुणाचा, ‘राणी पुढे काय करते?’ आणि एकूणएक मुलांनी न चुकता लिहिलं होतं, ‘राणी नदी पार करते.’ तेच वाक्य गठ्ठ्यांमागून गठ्ठ्यांत तपासताना थोरलीला मध्येच कसंतरी झालं होतं. पण तिने लाल पेन झटकलं आणि गुण देत गेली.

मग अभ्यास मंडळाची बैठक झाली. लांब टेबल, गार झालेला चहा, दोन्ही टोकांना दोन जावा. विभागप्रमुखांनी चष्मा काढला. थोरलीला वाटलं, आता काहीतरी वाईट. पण ते तर खुशीत होते.

“थोरल्या मॅडमनी चमत्कार केलाय. आता मला सांगा, मुलं मूळ काव्य विकत घेत नाहीत, वाचत नाहीत, आणि तरी पैकीच्या पैकी मिळवतात. मग ते जाडजूड ओझं अभ्यासक्रमात ठेवायचं कशाला? मी सुचवतो की मूळ काव्य काढावं आणि मॅडमचं हे ‘सोपं राणीचं काव्य’ पाठ्यपुस्तक म्हणून लावावं. विद्यापीठच छापेल. वर मॅडमचं नाव.”

म्हणजे काव्यच काढायचं? तिने काव्य वाचवायला हा सगळा खटाटोप केला होता. तिने तोंड उघडलं. ‘नाही’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

आणि तेवढ्यात टेबलाच्या त्या टोकाला धाकटी उठून उभी राहिली.

“माझा विरोध आहे,” ती म्हणाली. “मी पडद्याचा अभ्यास शिकवते, तुम्ही म्हणाल हिचा काय संबंध. पण माझ्या मुलांना जाहिरातीतल्या बाईचं हसू वाचता येतं ते मला नदीचा सर्ग वाचता आला म्हणून. राणी नदी पार करते हे खरं नाहीये, सर. ती पार करेल की नाही हे शेवटच्या कडव्यापर्यंत तिलाच माहीत नसतं. तेच तर काव्य आहे.” आणि तिने म्हणायला सुरुवात केली, हातात पुस्तक नसताना, पाणी छातीशी येतं तिथपासून. राणी सवतीला शिव्या देते. पाठीवरच्या पोराचा गरम श्वास तिच्या मानेला लागतो. ती गाठीला हात घालते. धाकटीचा आवाज वर गेला नाही की कापला नाही. विभागप्रमुखांचा चष्मा हातातच राहिला. चहा घेऊन आलेला शिपाई दारात थबकला.

आता याच ठिकाणी थोरलीने काय करायला हवं होतं ते लहान पोरसुद्धा सांगेल. नुसतं म्हणायचं होतं, ‘हिचं बरोबर आहे.’ तीन शब्द. काव्य वाचलं असतं. पण तिचं लक्ष काव्याकडे होतं कुठे! ती बघत होती सगळ्यांचे चेहरे, आणि ते सगळे चेहरे धाकटीकडे होते. तो सर्ग तिचा होता. ते थांबणं तिचं, तो श्वास घ्यायची जागा तिची, तिनेच शिकवलेली. मुलं घेतलीस, लेक घेतलीस, आणि आता नदीपण? आणि वर माझं काव्य तू वाचवणार? वाचवलं कुणी, तर धाकट्या मॅडमनी, असं उद्या शिपाई सांगत फिरणार? तिच्या डोक्यात नुसता जाळ झाला.

“थोरल्या मॅडम,” विभागप्रमुख भानावर येत म्हणाले, “शेवटी विषय तुमचा. तुम्ही म्हणाल तसं करू. तुमचं मत?”

सगळी खोली तिच्याकडे वळली. धाकटीसुद्धा. तिच्या नजरेत विनवणी होती, आणि तीच थोरलीला सगळ्यांत असह्य झाली.

“विद्यार्थ्यांचं हित महत्त्वाचं,” थोरली म्हणाली आणि तिने ठरावाच्या बाजूने हात वर केला. मग बाकीचेही वर झाले.

परत जाताना गाडीत थोरलीलाच राहवेना.

“एवढा पुळका होता काव्याचा, तर तू तेच का नाही शिकवलंस? त्या साबणाच्या मागे कशाला लागलीस?”

“जागा एकच होती, ताई,” धाकटी म्हणाली. “तिथे तुम्ही होतात.”

मत्सराची एक गंमत असते. उत्तर काळजात घुसलं तरी ते घुसलंय हे कबूल करू देत नाही. थोरलीने काच खाली केली आणि म्हणाली, “फार उकडतंय आज.”

नवं सत्र सुरू झालं. नवं पाठ्यपुस्तक गुळगुळीत कागदावर छापून आलं, वर थोरलीचं नाव, सोनेरी अक्षरांत. वर्ग गच्च भरलेला. पहिल्याच तासाला पुढच्या बाकावरच्या एका चुणचुणीत मुलीने हात वर केला.

“मॅडम, हे सगळं तुम्ही मनाने रचलंत?”

थोरली गोंधळली. “म्हणजे?”

“ही गोष्ट. राणी, राजवाडा, नदी. छान आहे. पण मॅडम, नदी जरा आणखी लिहायला हवी होती. तिथे काहीतरी होणार असं वाटतं आणि एकदम पारच होते.”

वर्ग हसला. थोरलीने सांगायला हवं होतं की मी नाही रचली, मोठं काव्य आहे, शतकांपूर्वीचं. पण मुलीने विचारलंच असतं, मग ते कुठे मिळेल, आणि आम्हाला का नाही लावलं? थोरलीने पुस्तक मिटलं. “पुढचा प्रश्न,” म्हणाली, आणि तिचा स्वतःचा आवाज तिला कुणा परक्या बाईचा वाटला.

त्या दिवशी ती धाकटीसाठी थांबली नाही, बसने घरी आली. चपला काढल्या, पाणी प्यायली आणि आपल्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. राणीचं काव्य काढायचं, नदीचा सर्ग उघडायचा आणि वाचायचा, स्वतःसाठी, मोठ्याने, एवढंच तिला हवं होतं. कप्प्यात त्या जागी नुसती पोकळी होती. शेजारची पुस्तकं तिच्यात कलंडली होती.

तेव्हा तिला धाकटीच्या खोलीतून आवाज आला. दार लोटलेलं होतं. ती पुन्हा एकदा दाराआड उभी राहिली. आता तिला सवयच झाली होती.

धाकटी तिच्याही आधी घरी पोचलेली दिसत होती. ती पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि वाचत मात्र खारुताई होती. थोरलीचंच पुस्तक, थोरलीच्याच खुणा केलेलं, तिच्या मांडीवर उघडं. हातातलं बिस्कीट तसंच राहिलेलं, तोंडाला लागलंच नव्हतं. एका शब्दाशी ती अडखळली, “हसणं?” म्हणाली. “हसणं नाही,” धाकटी हळूच म्हणाली, “दुसरा शब्द शोध.” खारुताईने शोधला. सापडल्यावर तिचा चेहरा जो उजळला, तसा तो आईसमोर कधी उजळला नव्हता. थोरलीने चौकट धरली. मला घ्या की गं आत, असं तिला म्हणायचं होतं. इतकं म्हणायचं होतं की डोळ्यांत पाणी आलं.

दार करकरलं. दोघींनी वर पाहिलं. धाकटी लगबगीने सरकली, पलंगावर जागा केली, “या ना, ताई,” म्हणाली.

थोरलीने एक पाऊल आत टाकलं. “कुठपर्यंत आलात?”

पण खारुताईचं डोकं पुन्हा पुस्तकात गेलं होतं. तिने बोट ओळीवर घट्ट दाबून धरलं आणि वर न बघता दुसरा हात आईकडे केला, थांबवायला.

“श्शू, आई. आत्ता बोलू नकोस. राणी अजून पाण्यात आहे.”